डोलोमाइट्स ग्रुप ट्रेक: डोंगराला पैकीच्या पैकी, पाण्याच्या बिलाला भोपळा

‘हा विषय आमच्या बाजूने बंद करण्यात येत आहे’ असा ऑर्गनायझर कंपनीचा मेल परवा आला, म्हणून आज लिहायला बसले. इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांतला हा ट्रेक झाला जुलैत, आणि मेलामेली चालली ती पार संक्रांत उलटेपर्यंत. कंपनीचं नाव टाकत नाही. कायद्याची भाषा त्यांना माझ्यापेक्षा बरी येते, आणि तसंही डोलोमाइट्सला ग्रुप नेणाऱ्या सगळ्यांची माहितीपत्रकं एकाच साच्यातली असतात. नाव बदललं तरी हा अनुभव लागू पडेल.

रूट नेहमीचाच. आल्ता विया १ या लांब पायवाटेचा वरचा भाग: ब्राइएसचं तळं, सेनेस, फानेस, लागाझुओई, चिंक्वे तोर्री, पास्सो जाऊ, चित्ता दी फ्युमे, कोल्दाई आणि शेवटी खाली आल्लेगे. अख्खी वाट बेल्लुनोपर्यंत जाते, सुमारे १२० किलोमीटर; आठवड्याच्या ग्रुपमध्ये ती पूर्ण होत नाही आणि कुणी तसा दावाही करत नाही. बूट कोणते, सॅक किती किलोची, पोल एक की दोन, हे तुम्ही दहा ठिकाणी वाचलेलं असणार. ते मी परत उगाळत नाही. मला पाण्याबद्दल बोलायचंय.

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत होतं: ‘निवास व सर्व जेवणे समाविष्ट’. मी बँकेत हयात घालवलेली बाई. ‘सर्व’ शब्द दिसला की खालचं बारीक अक्षर आधी वाचते. तेही वाचलं. व्हिसा फी वेगळी, विमा वेगळा, ‘वैयक्तिक खर्च’ वेगळा. आता पिणं हा वैयक्तिक खर्च आहे हे मला कसं कळावं?

पहिले दोन मुक्काम कुरणांतल्या हट्समध्ये, म्हणजे वाटेवरच्या डोंगरी निवासांत, होते. तिथे दाराबाहेर लाकडी हौद, त्यात नळीतून थंडगार पाणी अखंड पडत असतं, भरा बाटल्या. आम्ही खूश. पुढे उंचीवर गेलो आणि वॉशबेसिनवर पाटी दिसली: आक्वा नॉन पोताबिले. म्हणजे तोंड धुवा, पिऊ नका. काउंटरवरच्या मुलीकडे रिकामी बाटली नेली, तर तिने मागच्या फळीवरून दीड लिटरची सीलबंद बाटली काढून पुढ्यात ठेवली आणि वहीत आमच्या नावापुढे रेघ मारली. साडेचार युरो. तेव्हा युरो शंभरीला टेकलेला होता, म्हणजे साडेचारशे रुपये. दोन माणसं, रात्रीची एक बाटली, दुसऱ्या दिवशी वाटेसाठी दोन. थर्मासमध्ये गरम पाणी हवं असेल तर त्याचे वेगळे. निजायच्या आधी काउंटरवर जाऊन सगळं चुकतं करायचं. ती सगळी बिलं माझ्याकडे आहेत. थर्मल कागद असल्यामुळे अक्षरं उडायला लागली होती, म्हणून फोटो काढून ठेवलेत. एका चिठ्ठीवर सहा ओळी आहेत आणि त्यातल्या चार पाण्याच्या: पिण्याचं, गरम, आणि दोन आंघोळींची नाणी.

हो, आंघोळीला नाणं लागतं. काउंटरवर विकत घ्यायचं, न्हाणीघरातल्या डब्यात टाकायचं, की तीन मिनिटं गरम पाणी येतं. तीन म्हणजे तीनच. केसांना शाम्पू लावला आणि पाणी गेलं. बाहेर रांग, आत मी फेसासकट उभी, आणि पैसे पाकिटात, पाकीट वर खोलीत. मुंबईच्या एक ताई बाहेर होत्या, त्यांनी दाराच्या फटीतून आपलं नाणं सरकवलं. त्यांचे पाच युरो मी रात्रीच परत केले. त्या नको म्हणत होत्या, पण असल्या बाबतीत मी उधारी ठेवत नाही. दुसऱ्या एका हटच्या अंगणात लाकडी पिंपाच्या आकाराचा सौना होता. प्यायला पाणी विकत आणि घाम काढायला सौना! आमच्या ह्यांनी त्याचा फोटो काढला, मी काढू दिला नसता.

हे सगळं मी तिथे लीडरला ऐकवलं. लीडर म्हणजे पंचविशीचा मुलगा, पुण्याहून आमच्याबरोबर आलेला, स्वभावाने गोड. ‘काकू, इथं असंच असतं,’ म्हणाला. मग पत्रकात तसंच लिहा ना! दोन ओळी लागतात: ‘उंचावरच्या हट्समध्ये पाणी विकत घ्यावं लागतं, दिवसाला अमुक इतके धरा.’ आमच्यात नाशिकचं एक जोडपं होतं, आयुष्यभर साठवून आलेलं. त्यांनी रोख युरो मोजून आणले होते. चौथ्या दिवशी त्या काकू दोन घोटांमध्ये हिशेब करताना मी पाहिल्या. डोंगरात माणसाने पाणी वाचवून पिणं ही मला काटकसर वाटत नाही, धोका वाटतो.

इथवरचं मी परत आल्यावर आठवड्याभरात लिहून ठेवलं होतं, एक तारा देणारा रिव्ह्यू म्हणून. बरं झालं टाकलं नाही. कारण दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला, तो भूशास्त्र शिकतो, आणि माझा पाण्याचा पाढा ऐकून त्याने मलाच अर्धा तास शिकवलं. शिवाय आमचा तिथला गाइड, त्या खोऱ्यातलाच, घरी लादिन ही तिथली स्थानिक भाषा बोलणारा, चालता चालता जे सांगत होता त्याचीही संगती लागली.

डोलोमाइट हा चुनखडीच्या जातीचा खडक. हे सगळे सुळके म्हणजे वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ उष्ण समुद्रातली प्रवाळं आणि त्यांचा गाळ. देवदा द दोलोमियू नावाच्या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी हा खडक साध्या चुनखडीपेक्षा वेगळा आहे हे दाखवलं, त्याच्यावरून नाव पडलं. तर या खडकाला भेगाच भेगा. पाऊस पडला, बर्फ वितळलं, की पाणी वर थांबतच नाही. आत शिरतं आणि खाली खोऱ्यात कुठेतरी झऱ्यातून निघतं. म्हणून फानेसच्या कुरणात ओढे, तळी, हौद सगळं आहे, आणि तिथून सहा-सातशे मीटर वर धारेवर टिपूस नाही. आपल्याकडे राजगडावर, हरिश्चंद्रगडावर बेसाल्टात टाकं खोदलं की उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं. आपल्याला वाटतं, किल्ला आला की टाकं येणार, पाणी मिळणार. इथे डोंगरच पाणी गिळून बसतो. वरच्या हट्स बर्फाचं आणि पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात किंवा खालून पंपाने चढवतात, आणि बाकी सामान माल वाहणाऱ्या रोपवेने नाहीतर हेलिकॉप्टरने येतं. कोल्दाईला जाताना वाटेच्या डोक्यावरून तो मालाचा पाळणा जाताना आम्ही पाहिला होता. बहुधा माझी साडेचार युरोची बाटली त्यातूनच आली असावी.

आणि हे दिवसेंदिवस कठीणच होणार आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात आधीच बर्फ कमी, वर उष्मा. आल्प्समधल्या काही हट्सना पाण्याअभावी हंगाम लवकर आटपावा लागला. त्याच वर्षी ३ जुलैला मार्मोलादाच्या हिमनदीचा कडा कोसळून अकरा गिर्यारोहक गेले. धारेवरून समोर मार्मोलादा दिसते, ३३४३ मीटर, डोलोमाइट्समधलं सर्वांत उंच शिखर. गाइडने काठीने ती जागा दाखवली आणि पुढे चालायला लागला. फोटोसाठी थांबू दिलं नाही. एरवी आमच्या ग्रुपच्या फोटोंवर तो नुसता उसासे टाकायचा.

तर मत बदललं ते असं: हटवाल्यांवरचा राग गेला. साडेचार युरो जास्त नाहीत, वाहतूक धरली तर रास्तच आहेत. ऑर्गनायझरवरचा राग मात्र दुप्पट झाला. खडक वीस कोटी वर्षांपासून तिथेच आहे, त्यांना पत्रक छापायच्या आधी कळायला हवं होतं.

चालण्याबद्दलही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती पाण्यावर घसरली. पहिला दिवस लोक हलका समजतात, कारण ब्राइएसच्या तळ्यावर सगळे पर्यटक होड्यांचे फोटो काढत असतात. त्या तळ्यापासून खिंडीपर्यंत जवळपास नऊशे मीटरची चढण आहे आणि ती पहिल्याच दिवशी, विमानाचा शीण अंगात असताना. तिथल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. पाटीवर अडीच तास दिसले की आम्ही साडेतीन धरायचो. वाटा मात्र अशा आखलेल्या, की डोळे मिटून जावं: लाल-पांढरे पट्टे, वाटेचा नंबर, प्रत्येक फाट्यावर पाटी. उत्तरेच्या भागात पाट्यांवर जर्मन आधी, इटालियन नंतर, कुठे तिसरी लादिन. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता, म्हणून एकाच ठिकाणाला दोन-दोन नावं आहेत. नकाशात ‘सेकोफेल’ शोधत असाल आणि सगळे ‘क्रोदा देल बेक्को’ म्हणत असतील, तर वाट चुकलेली नाही, डोंगर तोच.

फोर्चेल्ला देल लागो या खिंडीची उतरण गुडघ्यांसाठी सगळ्यांत वाईट. घळीतून नुसता मुरमाड घसारा, नागमोडी, खाली छोटंसं तळं. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय असलेल्यांना ती जड नाही. जिममधून थेट आलेल्यांनी तिथे बसून घेतलं. त्यानंतर लागाझुओई, २७५२ मीटर. संध्याकाळी ढग फाटले आणि समोरचे सगळे सुळके गुलाबी, मग विटकरी, मग राखाडी झाले. याला तिथे एन्रोसादिरा म्हणतात. त्या वेळी बाहेरच्या लाकडी गच्चीवर सगळे देश एकत्र गप्प होते, आमचा ग्रुपसुद्धा, आणि आमचा ग्रुप गप्प होणं म्हणजे काय हे लीडरला विचारा.

सकाळी त्याच डोंगराच्या पोटातून उतरलो. इटालियन सैन्याने पहिल्या महायुद्धात वर बसलेल्या ऑस्ट्रियन मोर्चाखाली सुरुंग लावायला हा बोगदा खणला. २० जून १९१७ ला मोठा स्फोट केला. सुमारे एक किलोमीटरचा आहे, आत पायऱ्या ओल्या आणि उंच, कडेला पोलादी दोर. हेल्मेट आणि हेडलॅम्प लागतो. मध्ये मध्ये भिंतीत झरोके आहेत, तिथून बंदुका रोखायच्या. आता तिथून समोर चिंक्वे तोर्रीचे सुळके दिसतात. सैनिकांच्या झोपायच्या जागा पाहिल्यावर हटमधल्या बंक बेडबद्दल मी तक्रार केली नाही. (परतल्यावर केली. चार जणांची खोली कबूल करून आम्हाला दोन रात्री सोळा जणांच्या लागरमध्ये, म्हणजे सामायिक मोठ्या खोलीत, टाकलं होतं. त्यावर खाली येते.)

पास्सो जाऊ या खिंडीच्या अलीकडे नाशिकच्या काकांच्या बुटाचा तळवा निघाला. काठाने उसवून नव्हे; टाचेकडून अख्खा तळवा जबड्यासारखा उघडला आणि आतला फोम हातात घेतला तर पिवळ्या भुग्यासारखा चुरत होता. काका म्हणत होते, बूट कोरे करकरीत आहेत, हिमालयात एकदाच घातले, मग कपाटात जपून ठेवले. गाइडने एक नजर टाकली आणि मान हलवली. जपून ठेवले म्हणूनच गेले. बुटाच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन दमट हवेतली ओल हळूहळू शोषतं आणि वर्षांनी आतून फुटतं. वापरात राहिलेला बूट उलट जास्त टिकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या बुटांचं आणखी काय होणार? गाइडने सॅकमधून प्लास्टिकचे केबल टाय आणि चिकटपट्टी काढली, पुढे-मागे तीन-तीन टाय आवळले, शेपट्या सुरीने छाटल्या. त्या बुटांवर काका खिंडीपर्यंत आले. तिथून लीडर त्यांना बसने कोर्तिना गावात घेऊन गेला आणि नवे बूट घेऊन दोघे संध्याकाळी हटच्या जवळच्या रस्त्यापर्यंत टॅक्सीने आले. हे काम त्या मुलाने चोख केलं, त्याचे गुण द्यायलाच हवेत. जायच्या आधी आपला बूट हातात घेऊन तळव्याच्या वरचा थर अंगठ्याने दाबून पाहा. भेगा दिसल्या तर इथेच बदला. कोर्तिनात बूट घेणं म्हणजे पुण्यातल्या दोन जोडांची किंमत.

जाऊच्या पुढे मोंदेवालचं कुरण लागतं. तिथे १९८७ मध्ये एका मोठ्या दगडाच्या आडोशाला साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचं दफन सापडलं. त्याच्या पुढच्या टप्प्यात पेल्मो डोंगराच्या पायथ्याला एका शिळेवर डायनोसॉरच्या पाऊलखुणा आहेत. थोडी वाट वाकडी करावी लागते, ग्रुपचं वेळापत्रक ती करू देत नाही. दुपारी दोननंतर ढग जमतात आणि विजा सुरू होतात, म्हणून गाइड साडेसातला निघायचाच. एक दिवस आमच्यातल्या काही जणांना नाश्ता लांबवायचा होता. तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि बरोबर साडेसातला चालू पडला. मागून धावावं लागलं. तीन वाजता हटमध्ये चहा पिताना बाहेर गारा पडत होत्या.

जेवण उत्तम, फार अपेक्षा नव्हती म्हणून आणखी उत्तम. सातला घंटा, त्यानंतर उशिरा येणाऱ्याला सूप गार. बार्लीचं सूप, पालक आणि चीजचे कानेदेर्ली (पावाचे गोळे), मक्याच्या पोलेंटावर अळंबी, बीट भरलेले कासुन्त्सिएई (पास्त्याच्या करंज्या), वर खसखस आणि लोणी. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं आणि प्रत्येक हटने ते पाळलं. सूपमध्ये सुक्या मांसाचे तुकडे नाहीत ना, एवढं दरवेळी विचारायचं. चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवावं. आपला डबा हटच्या आत उघडलेला त्यांना आवडत नाही. लसणाची चटणी बाहेरच्या बाकावर. दुपारचं जेवण, बरोबर ओळखलंत, ‘सर्व जेवणे’ यात नव्हतं.

आता भांडण. परत आल्यावर मी तीन मुद्द्यांचा मेल टाकला: दुपारची जेवणं, चारऐवजी सोळा जणांची खोली, आणि पाणी. डोंगरात ‘काकू’ होते, मेलमध्ये ‘डिअर मॅडम’ झाले. जेवणाबद्दल उत्तर आलं की ‘सर्व’ म्हणजे हाफ बोर्डातली (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) सर्व. खोलीबद्दल: ‘उपलब्धतेनुसार’. पाण्याबद्दल: ‘वैयक्तिक खर्च, कलम अमुक’. मी बिलांचे फोटो जोडले. ते म्हणाले, बिलं इटालियनमध्ये आहेत. मी प्रत्येक ओळीचं मराठी करून पाठवलं. मग दोन महिने सामसूम.

मध्येच एक गोष्ट घडली जी न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी माझं ऐकून ठरवलं की कंपनी नको, हट्स आपणच बुक करायच्या. जानेवारीत बसले. प्रत्येक हटला वेगळा मेल, कुणाला आगाऊ पैसे बँकेतून हवेत, कुणी फक्त फोनवर. आणि ओळीने सगळ्या रात्री जुळायला हव्यात, कारण मधली एक हट भरलेली असेल तर साखळीच तुटते. लागाझुओईला त्यांच्या तारखांना जागाच नव्हती. हट्स जेमतेम तीन महिने उघड्या असतात, जूनच्या विसाव्याच्या आसपास ते सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, आणि सगळं जग त्यात घुसतं. तेव्हा कळलं कंपनीला दिलेले पैसे कशाचे होते. गाइडचे थोडे, लीडरचे थोडे, आणि बाकी सगळे त्या ओळीने मिळालेल्या बिछान्यांचे. त्या हिशेबाने पैसे वसूल आहेत, हे मी लिहून देते. एक तारा होता तो साडेतीन केला.

पैसे वाचवायच्या दोन जागा सांगते. हट्समध्ये पांघरूण मिळतं पण स्वतःची चादरीची पिशवी सक्तीची. दुकानात सिल्कची तीन हजाराला होती. मी जुन्या सुती चादरीची आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून दीडशे रुपयांत शिवून घेतली. वजन जरा जास्त, ऊब बरी, घरी आल्यावर वॉशिंग मशीनमध्ये. आणि उंचावर निघायच्या सकाळी खालच्या हौदावर तीन-तीन लिटर भरून घ्या. पाठीवर तीन किलो जातात, पण नऊ युरो वाचतात.

विम्यात मात्र काटकसर करू नका. व्हिसासाठी तीस हजार युरोंचं कव्हर लागतंच, पण त्यात डोंगरातला हेलिकॉप्टर बचाव आहे का आणि किती उंचीपर्यंत आहे, ते वाचून घ्या. वेनेतो प्रांतात इजा नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर मिनिटाच्या हिशेबाने बिल येतं, आणि ते पाण्याच्या बिलासारखं चिल्लर नसतं.

परवाच्या मेलमध्ये कंपनीने ‘सद्भावना म्हणून’ एक व्हाउचर पाठवलंय. जेवणं आणि खोली मिळून रक्कम धरली आहे, पाण्याचा एक पैसा नाही. व्हाउचर फक्त त्यांच्या मनालीच्या ट्रेकला चालतं, मुदत जूनअखेर. मनालीला आम्ही दोनदा जाऊन आलोय. दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, असा मेल कालच टाकलाय. आणि पाण्याची बिलं त्याला पुन्हा जोडली आहेत.